आधी मांडव, मग वेल

वेल लावताना क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. बी टोकायचं, रोप हातभर होऊन जमिनीवर लोळायला लागलं की मग काठी शोधायची. तोवर त्याचे तणावे, म्हणजे आधार धरायचे दोऱ्यासारखे बारीक अवयव, शेजारच्या झाडात, गवतात, स्वतःच्याच पानांच्या देठांत अडकलेले असतात. सोडवायला जावं तर शेंडा मोडतो. शेंडा वाचलाच तर काठी खोचताना मुळं तुटतात, आणि काकडी, कारलं, दोडका, दुधी या कुळातल्या वेलांना मुळांना बसलेला धक्का अजिबात सोसत नाही. पानं मलूल होतात आणि ऐन जोरात वाढायच्या दिवसांत वेल नुसता बसून राहतो. म्हणून मांडव, ताटी, जाळी, जे काही करायचं ते बी टोकायच्या आधी किंवा फार तर त्याच दिवशी उभं करायचं.

आता आधार कोणता? जाळी सहज मिळाली म्हणून जाळी लावली, घरात पाइप पडलाय म्हणून तो रोवला, असं केलं की निम्मे वेल चढतच नाहीत. वेल कशाने धरतो ते आधी बघायचं. ते कळलं की आधार किती जाड हवा, उभा हवा की आडवा, आणि वेल बांधावा लागेल की नाही, हे तिन्ही प्रश्न सुटतात. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये चढणाऱ्या वनस्पतींवर सविस्तर लिहिताना त्यांच्या चढण्याच्या तऱ्हेप्रमाणेच गट पाडले होते. बागेत हात घालणाऱ्याला आजही तीच वाटणी सगळ्यात उपयोगी पडते.

पहिले पिळे घालणारे. घेवडा, वाल, गोकर्ण, गारवेल, गुळवेल, मधुमालती. यांना धरायला वेगळा अवयव नसतो, खोडच आधाराभोवती गुंडाळत वर जातं. शेंडा हवेत गोल फिरत आधार चाचपत असतो. उबदार दिवसात घेवड्याचा शेंडा साधारण दोन तासांत एक फेरी पुरी करतो. आत्ता त्याचं तोंड कुठे आहे ते बघून ठेवा आणि तासाभराने परत या, तो भलतीकडे वळलेला असेल. या वेलांना उभा आधार लागतो. आडव्या तारेला ते पिळे घालत नाहीत, तिच्यावर पडून लोंबतात. जाडी अंगठ्याएवढी असेल तर उत्तम. मनगटाहून जाड खांबावर कोवळ्या घेवड्याची पकड बसत नाही. गुळगुळीत पीव्हीसी पाइपवर वेल चढताना दिसतो, पण पानांचं वजन वाढलं आणि वारा-पाऊस आला की पिळे सैल होऊन सगळा वेल खाली घसरतो आणि बुडाशी गोळा होतो. पाइपच वापरायचा असेल तर त्याच्यावर काथ्याची दोरी दोन-दोन इंचांच्या अंतराने गुंडाळून दोन्ही टोकांना घट्ट बांधा. तेवढा खरखरीतपणा पुरतो.

सुटलेला वेल परत गुंडाळताना दिशा चुकवू नका. घेवडा आणि गारवेल समोरून पाहिले तर डावीकडून उजवीकडे वर चढतात, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखे. पिळे घालणाऱ्या बहुतेक वेलांची रीत हीच. हनीसकल आणि हॉप मात्र उलट्या बाजूने फिरतात. चुकीच्या दिशेने गुंडाळलेला शेंडा स्वतःला उलगडून पुन्हा आपल्याच बाजूने फिरू लागतो, आणि त्या झटापटीत कित्येकदा खाली गळून पडतो.

दुसरे तणाव्यांनी धरणारे. काकडी, कारलं, दोडका, घोसाळं, दुधी, पडवळ, तोंडली, कृष्णकमळ, द्राक्ष, वाटाणा. भाजीच्या बागेतले बहुतेक वेल हेच, आणि त्यांच्याबाबतच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण यांना जाड आधार चालत नाही. तणावा नाजूक असतो. जाड बांबूभोवती त्याचा एक वेढाही पुरा होत नाही. त्याला तार, सुतळी, जाळीचा दोरा, बारीक काटक्या, फार तर पेन्सिलीएवढी कामटी हवी. वाटाण्याचे तणावे तर आणखी बारीक, त्यांना काटक्याच बऱ्या. वाळलेल्या फांद्या, बारीक फाटे न तोडता, ओळीच्या कडेने खोचल्या की वाटाणा आपला आपण चढतो.

काकडीचा एखादा तणावा जवळून बघावा. कोवळा असताना तो जवळजवळ सरळ, टोकाशी किंचित आकड्यासारखा वळलेला असतो. त्याला दोऱ्याचा स्पर्श झाला की टोक आधी दोऱ्याभोवती वेढे घालतं. ती पकड पक्की झाली की मग मधला भाग आखडायला लागतो, त्याची स्प्रिंग होते आणि ती वेलाला आधाराकडे ओढून घेते. ही स्प्रिंग नीट पाहिली तर तिचे अर्धे वेढे एका दिशेने, अर्धे उलट्या दिशेने असतात आणि मधे एक छोटासा सरळ तुकडा असतो. दोन्ही टोकं पक्की धरलेली असताना एकाच दिशेने पीळ घालता येत नाही, म्हणून ही उलटापालट. वाऱ्यात वेल हलला की स्प्रिंग ताणते, परत आखडते आणि तणावा तुटत नाही. ज्या तणाव्याला काहीच सापडलं नाही तोही शेवटी गुंडाळतो, पण एकाच दिशेने, आणि मग वाळून जातो. एवढी एक खूण ओळखता आली तर बाकी अंदाज बांधावा लागत नाही. वेलावर मोकळेच गुंडाळलेले तणावे जास्त दिसले, तर आधार लांब आहे किंवा जाड आहे. खत, पाणी, औषध यांत कारण शोधू नका. त्या जागी दोन सुतळ्या जास्तीच्या ओढा.

तिसरे मुळांनी किंवा चिकट गाद्यांनी भिंतीला धरणारे. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, नागवेल, मिरीवेल, आयव्ही, भिंतीवर सपाट पसरणारा बारीक पानांचा फायकस. भिंत पक्की असेल तर आयव्ही-फायकसला काही बांधावं लागत नाही, पण गिलाव्याला भेगा असतील, जुना चुना भुसभुशीत झाला असेल किंवा भिंत दर काही वर्षांनी रंगवायची असेल, तर हे वेल तिथे लावूच नका. मुळं भेगांत शिरतात, आणि वेल उपटला की रंगाचे पापुद्रे त्याच्याबरोबर निघून येतात. भिंतीवर राहिलेले चिकट ठिपके तारेच्या ब्रशने घासूनही पुरते जात नाहीत.

मनीप्लांट आणि मॉन्स्टेराचं गणित वेगळं. हे वेल चढताना पानं मोठी करत जातात आणि लोंबताना लहान करत जातात. हँगिंग कुंडीतल्या मनीप्लांटची पानं बारीक राहतात त्याचं कारण हेच. मोठी पानं हवी असतील तर हवेतली मुळं शिरतील असा ओलसर खांब द्यावा लागतो. काठीला काथ्या गुंडाळलेला खांब पटकन वाळतो, मग मुळं त्याला नुसती टेकून राहतात. प्लास्टिकच्या जाळीची तीन-चार इंच व्यासाची नळी करून ती ओल्या मॉसने किंवा कोकोपीटने ठासून भरली तर ओल टिकते. पाणी खांबाच्या वरून ओतायचं, कुंडीत नाही. कुंडीत जे झिरपेल तेवढं पुष्कळ. बांधताना खोड बांधा, पानाचा देठ नाही, आणि मुळं ज्या बाजूला फुटतात ती बाजू खांबाकडे ठेवा.

चौथे नुसते टेकणारे. बोगनवेल, जाई, वेली गुलाब. यांच्यापाशी काटे किंवा लांब लवचीक फांद्या असतात. रानात ते दुसऱ्या झुडपांवर रेलून वाढतात. बागेत त्यांना आपणच बांधायचं, दर फूट-दीड फुटावर. न बांधता ते चढतील अशी वाट बघत बसलं तर त्यांचं झुडूप होतं.

आता बांधणी. घेवडा-वालासाठी बांबूची कैची पुरते. आठ फुटी बांबू, टोकाला दीड इंचाच्या आसपास जाड. दोन-दोन बांबू वरच्या बाजूला फुलीसारखे बांधायचे, खाली पाय तीन ते चार फूट फाकवायचे, आणि सगळ्या फुल्यांवरून एक आडवा बांबू टाकून प्रत्येक फुलीशी बांधून घ्यायचा. कैच्यांमधलं अंतर दीड फूट. पाय जमिनीत फूटभर गेले पाहिजेत. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. प्रत्येक बांबूपाशी चार-पाच बिया इंचभर खोल टोका आणि उगवल्यावर त्यातली जोमदार तीन रोपं ठेवा.

बांबू दोन ठिकाणी कुजतो. एक, वरचं कापलेलं टोक. पेर उघडं राहिलं की त्यात पाणी साचतं, डासही होतात. म्हणून कापताना गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे टोक आपोआप बंद राहतं. दोन, बरोबर मातीच्या पातळीशी, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. कायमची ताटी करायची असेल तर बांबू मातीत रोवूच नका. दोन-अडीच फुटांची लोखंडी सळई निम्मी जमिनीत ठोका, बांबूच्या खालच्या पेरातली गाठ फोडून तो सळईवर बसवा आणि बुडाला एक वीट द्या. बांबू मातीला टेकत नाही, आणि बदलायचा झाला तर नुसता उचलून काढता येतो.

सरळ उभ्या ताटीला म्हणजे दोन खांब आणि मधे जाळी, अशा रचनेला खांबाची लांबी ठरवताना चौथा हिस्सा जमिनीत धरा. जमिनीवर सहा फूट हवा असेल तर आठ फुटांचा खांब, दोन फूट खाली. भुसभुशीत मातीत खांबाभोवती विटांचे तुकडे ठोकून बसवा. जाळीचे डोळे चार ते सहा इंचांचे घ्या. त्याहून बारीक जाळीत फळ आडकतं, फुगतं आणि मधे आवळलं जाऊन वेडंवाकडं होतं. शिवाय पलीकडची काकडी काढायला हात जात नाही. वाटाण्याला मात्र दोन इंची जाळी चालते. नायलॉनची जाळी उन्हाने ठिसूळ होते. ओढल्यावर दोरा तटकन तुटला तर ती जाळी पुढच्या हंगामाला वापरू नका, भरल्या वेलासकट खाली येते.

जाळी किंवा मांडव कोसळतो तो बहुधा दोऱ्या तुटून नाही, तर टोकाचे खांब आत ओढले जाऊन. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वरची तार जितकी ताठ ओढावी तितका खांबावरचा ताण वाढतो, आणि तो नुसत्या वजनाच्या कितीतरी पट असतो. समजा दोन खांबांत १० फूट अंतर आहे आणि तारेवर पानं, फळं, पावसाचं पाणी मिळून सगळीकडे सारखा पसरलेला १० किलो भार आहे. तारेला मधे ४ इंच झोळ असेल तर तिच्यात ताण येतो सुमारे साडेसदतीस किलोचा. हिशेब सोपा आहे: भार गुणिले अंतर, भागिले झोळाची आठ पट. झोळ दिसायला वाईट म्हणून तार ओढून तो २ इंच केला तर ताण ७५ किलो होतो. झोळ अर्धा, ताण दुप्पट. तेच मधे एक खांब रोवला आणि झोळ ४ इंचच ठेवला तर ताण साडेनऊ किलोच्याही आत येतो, चौथाईवर. म्हणून तार तंबोऱ्यासारखी ओढू नका, पाच-सहा फुटांवर एक खांब द्या. दोरा-तार जाड घेण्यापेक्षा हा एक खांब जास्त कामाचा. टोकाच्या खांबांना बाहेरून ताण द्या: खांबाच्या माथ्यापासून दोरी, खांबाच्या उंचीएवढ्या अंतरावर खुंटी, आणि खुंटीचं डोकं खांबापासून लांब झुकलेलं. सरळ ठोकलेली खुंटी ओल्या मातीतून हळूहळू निघून येते.

भिंतीवर कायमचे वेल चढवायचे तर आडव्या तारा लावाव्यात. अडीच ते तीन मिलीमीटरची गॅल्व्हनाइज्ड तार, पहिली ओळ जमिनीपासून दीड फुटावर, पुढच्या फूट ते दीड फूट अंतराने. आयहुक, म्हणजे तार ओवायचे गोल डोळ्याचे हुक, विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसवा, गिलाव्यात किंवा विटांमधल्या सांध्यात नाही. तिथला प्लग ओल्या वजनाने बाहेर येतो. मधले हुक पाच-सहा फुटांवर. एका टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा स्क्रू, लावला की पुढे ढिली पडलेली तार दोन आट्यांत नीट करता येते. तार आणि भिंत यांत दोन ते चार इंच मोकळी जागा हवीच. वेलाचं खोड पुढे जाड होणार आहे आणि पानांमागे हवा खेळली पाहिजे. रोप भिंतीला खेटून लावू नका, फूट-दीड फूट अलीकडे लावा आणि कामटीच्या आधाराने भिंतीकडे तिरपं न्या. पायाशी माती कोरडी असते, कारण छज्जामुळे पाऊस तिथे पोचत नाही, आणि बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडाही तिथेच पुरलेला असतो.

पिळे घालणारा वेल या आडव्या तारांवर चढवायचा असेल तर फुटाफुटावर उभ्या तारा किंवा काथ्याच्या दोऱ्या ओवून घ्या, नाहीतर वर सांगितलं तसा तो लोंबेल.

कुंडीत वेल लावताना लोक माती कमी घेतात. काकडीला निदान २० लिटर, कारलं-दोडक्याला २५ ते ३०, दुधीला ४० किंवा त्याहून जास्त. खोली फूटभर तरी हवी. लहान कुंडीत पाण्याची ओढाताण होते, दुपारी पानं माना टाकतात, आणि पाणी कधी कमी कधी जास्त झालं की काकडी कडवट होते. कुंडीतच खोचलेला आधार चार फुटांच्या वर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पानांनी भरलेली जाळी म्हणजे शीडच, वारा लागला की कुंडीसकट आडवी होते. उंच न्यायचं असेल तर आधार कठड्याला किंवा भिंतीला दोन ठिकाणी बांधा आणि कुंडी नुसती त्याच्या पायाशी ठेवा.

एका दोरीवर काकडी वर नेणं हे कमी जागेतलं सगळ्यात चांगलं काम. वरच्या तारेपासून सुतळी सोडायची, खाली रोपाच्या बुडाशी सैल फेरा. इथे सरकफास कधीही नको, वेलाच्या वजनाने तो आवळत जातो आणि बुड कापलं जातं. न सरकणारी गाठ मारा आणि फेऱ्यात अंगठा सहज फिरेल एवढी जागा ठेवा. मग तीन-चार दिवसांनी शेंडा सुतळीभोवती एक वेढा पुढे घ्यायचा. हे काम दुपारी करा. सकाळी वेल पाण्याने तट्ट भरलेला असतो, वाकवला की काडकन मोडतो. दुपारी तो लवचीक असतो.

टेकणाऱ्या वेलांची गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी हवी: एक फेरा तारेभोवती, मधे फुली, दुसरा फेरा खोडाभोवती. तारेकडचा फेरा घट्ट, खोडाकडचा सैल. त्या फुलीमुळे खोड तारेवर घासत नाही. सुतळी किंवा सुती कापडाच्या पट्ट्या चांगल्या. बारीक तार आणि प्लास्टिकचे केबल टाय फांदीवर ठेवून देऊ नका. खोड जाड होतं, टाय तेवढाच राहतो. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली येत असते, ती आवळलेल्या जागी अडते. म्हणून टायच्या वरच्या बाजूला खोड फुगलेलं दिसतं, खाली बारीक. ही खूण दिसली की टाय लगेच कापा. तो सालीत रुतला असेल तर उपटून काढू नका, दिसेल तेवढा कापून सोडून द्या. वर्षातून दोनदा सगळ्या गाठी हाताने तपासायच्या, नुसत्या नजरेने नाही.

वेल सरळ वर जाऊ दिला की खाली नुसतं खोड आणि माथ्यावर पानाफुलांचा टोप, ही तक्रार वेली गुलाब, जाई, बोगनवेल, सगळ्यांच्याबाबत ऐकू येते. शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, दाबून ठेवतो, हे त्याचं कारण. फांदी आडवी केली की ती सत्ता कमी होते आणि फांदीभर डोळे फुटतात. प्रत्येक फुटीला फुलं येतात. म्हणून पहिल्या वर्षापासून फांद्या पंख्यासारख्या फाकवून खालच्या तारांवर आडव्या बांधायच्या आणि मगच वरच्या तारेवर जायचं. घाई करू नये. जागा अरुंद असेल तर नागमोडी न्या. फांदी हिरवी असताना हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत वाकवा. जून झालेली एकदम वाकवली तर चिरते. टोप आधीच झाला असेल तर सगळा वेल एकदम छाटू नका. सगळ्यात जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा यंदा बुडाजवळ छाटा, तिसरा पुढच्या वर्षी, उरलेला त्याच्या पुढच्या. बोगनवेलीला नव्या फुटीवर फुलं येतात, तेव्हा बहर ओसरला की लगेच छाटणी.

भाजीच्या वेलांत शेंडा खुडण्याचं तत्त्व तेच, हेतू वेगळा. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलं जास्त, बगलफुटींवर, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणाऱ्या फांद्यांवर, मादी फुलांचं प्रमाण वाढतं. वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडा आणि वरच्या बगलफुटी मांडवावर चारी बाजूंना पसरवा. खालच्या, मांडवापर्यंतच्या बगलफुटी काढून टाका. काकडीच्या ज्या संकरित जातींना फक्त मादी फुलं येतात त्यांचा शेंडा मात्र खुडू नका, त्यांचं फळ मुख्य वेलावरच धरतं.

मादी फुलाखाली बोटाएवढं फळ आधीच दिसतं. ते चार दिवसांत पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण झालेलं नाही. हाताने करायचं तर वेळ पाळा. काकडी, कारलं, घोसाळं सकाळी फुलतं. दुधी आणि दोडका संध्याकाळी. दुधीला सकाळी उशिरा हात लावून काही होत नाही, फूल मावळलेलं असतं. ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद फिरवायचं.

दाटी झाली की रोग आलाच. पानांवर पिठासारखी भुरी पसरते ती कोंदट हवेत, आणि तिला पान ओलं असायची गरज नसते. केवडा हा दुसरा रोग, त्याला मात्र पानावर ओल लागते. वर पिवळे कोनाकोनाचे ठिपके, खाली करडी बुरशी. दोन्हींवर पहिला उपाय कात्रीचा. जमिनीपासून फूटभरातली पानं काढा, मांडवाखाली उजेडाचे कवडसे पडतील इतपत विरळणी करा, पाणी आळ्यात द्या, पानांवर नको. दोन वेलांत अंतर आधीच नीट ठेवलेलं असेल तर हे काम फारसं करावं लागत नाही: काकडीला फूट-दीड फूट, कारलं-दोडक्याला दोन-तीन, दुधीला चार-पाच. नत्राचा मारा करून गच्च हिरवा झालेला वेल बघायला छान वाटतो, पण फुलं उशिरा येतात आणि मावा आधी.

फळांच्या वजनाची काळजी दुधी-दोडक्याबाबत करू नका, देठ आणि तणावे ते पेलतात. लाल भोपळा मात्र ताटीवर चढवला असेल तर नारळाएवढा झाल्यावर त्याला जुन्या कापडाची किंवा जाळीची झोळी करून ती ताटीलाच बांधा, वेलाला नाही.

हंगाम संपला की हिरवा वेल जाळीतून ओढत बसू नका, जाळी फाटते. बुड कापा आणि आठ-दहा दिवस तसाच वाळू द्या. मग पानं चुरून पडतात आणि काड्या सहज निघतात. घेवडा-वालाची मुळं मातीतच राहू द्या. वेल निरोगी असेल आणि आधार सुतळीचा असेल तर सुतळीसकट तुकडे करून कंपोस्टात टाका. भुरी-केवडा लागलेला वेल त्यात नको. नायलॉनचे तुकडे मात्र एकेक वेचून काढा, मातीत राहिलेला दोरा पुढच्या वर्षी खुरप्याला गुंडाळतो आणि पक्ष्यांच्या पायांतही.